एलिशा क्रॅबट्रीची वारसनोंद

दुसऱ्याच्या खापरपणजोबाचा बाप शोधून द्या, असं पोपटराव ढमढेऱ्यांना कुणी सांगितलं होतं का? कुणीही सांगितलं नव्हतं. मुलगा संजीव म्हणत होता, "बाबा, संध्याकाळी समुद्रकाठी कॉर्निशवर चक्कर मारून या." सून नमिता म्हणत होती, "बाबा, मराठी चॅनेल लावून देऊ का?" आणि सत्यभामाबाई म्हणत होत्या, "जेवलाय न्हवं? मग पडा जरा." तीन माणसं तीन बाजूंनी इतका चांगला सल्ला देत असताना जो चौथंच काहीतरी करतो, त्याला आपल्याकडे उपद्व्यापी म्हणतात. म्हणोत बापडे. म्हणणाऱ्यांची पर्वा पोपटरावांनी आयुष्यात कधी केली नव्हती, आणि मुलाकडे कतारात अल खोरला येऊन ती सुरू करायचं त्यांना काही कारण दिसलं नाही.

बरं, अल खोरला रिकाम्या माणसाने करायचं तरी काय? संजीव पहाटे कंपनीच्या बसने रास लफ्फानच्या गॅस प्लँटला जायचा तो अंधार पडताना उगवायचा. नमिता शाळेत गणित शिकवायची. कंपनीच्या वसाहतीतले बंगले एकसारखे, रस्ते एकसारखे, झाडंसुद्धा मोजून लावलेली. बांधावरून भांडण नाही, कुणाचं कोंबडं कुणाच्या अंगणात नाही. तलाठी म्हणून लागून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला असली शांतता सोसत नाही हो! चौतीस वर्षं त्यांनी शिरूर तालुक्यात जमिनीच्या नोंदी केल्या. कोण वारलं, मागे कोण कोण राहिलं, सातबाऱ्यावर कुणाचं नाव लावायचं आणि कुणाचं कमी करायचं. आणि या चौतीस वर्षांत त्यांची एक नोंद, एकसुद्धा, वरच्या साहेबाने रद्द केली नव्हती. हे ते दिवसातून दोनदा सांगत.

अशा माणसाच्या पुढ्यात समोरच्या बंगल्यातले हॉब्जसाहेब दिवाळीच्या फराळाला येऊन बसले. साठीचे, उंच, कंपनीत सेफ्टीचे सल्लागार, मूळचे अमेरिकेतल्या केंटकी राज्यातले. बोलले अर्थातच इंग्रजीत, पण आपण मराठीत ऐकू. चकली मोडता मोडता त्यांनी आपल्या आईचं दुःख सांगितलं. आई, म्हणजे लोरीनबाई, माहेरची क्रॅबट्री. मार्चात ब्याण्णव पूर्ण करणार. त्यांच्या खापरपणजोबाचा बाप एलिशा क्रॅबट्री, हा केंटकी नुसतं जंगल होतं तेव्हा खांद्यावर कुऱ्हाड टाकून डोंगर ओलांडून आला आणि ओंडक्यांचं घर बांधून राहिला. अशा पहिल्या रहिवाशांच्या वंशजांचं तिकडे एक मंडळ आहे. ते प्रमाणपत्र देतं. लोरीनबाईंना ते प्रमाणपत्र डोळे मिटायच्या आत हवं होतं. आणि मंडळ तीस वर्षं अर्ज परत पाठवत होतं.

"कशावरून?" पोपटरावांनी लाडू खाली ठेवला.

"एक कडी जुळत नाही. आमचा जॉन मॉर्गन क्रॅबट्री, जन्म अठराशे बारा. तो एलिशाचा मुलगा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण कागद नाही."

"जॉन मॉर्गन क्रॅबट्री," पोपटराव म्हणाले. त्यांनी डोळे मिटले, उघडले. "मग बापाचं नाव मॉर्गन. एलिशा कुठून आणलात?"

हॉब्जसाहेब हसले. म्हणाले, मधलं नाव नुसतंच असतं, त्याचा बापाशी संबंध नसतो. पोपटरावांनी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. ते स्वतः पोपटराव बापूसाहेब, मुलगा संजीव पोपटराव, सून नमिता संजीव. उभ्या महाराष्ट्राचं दप्तर ज्या गोष्टीवर चालतं ती गोष्ट नुसतीच? स्वतःचं नाव आणि आडनाव यांच्या मध्ये माणूस काय रस्त्यावरचा कुणीही आणून बसवेल?

"तुमचं पूर्ण नाव?"

"ड्वेन एल्मर हॉब्ज."

"वडिलांचं नाव?"

हॉब्जसाहेब जरा घुटमळले. "एल्मर. पण तो योगायोग—"

"बास," पोपटराव म्हणाले. "कागद आणा."

आता कुणाला वाटेल, इथे संजीवने मध्ये पडायला हवं होतं. पण दिवाळीनंतर लगेच दुरुस्तीसाठी प्लँटचं शटडाऊन लागलं, आणि संजीव काय, हॉब्जसाहेब काय, बारा-बारा तास तिकडेच. जाता जाता हॉब्जसाहेब एक मोठं खोकं ढमढेऱ्यांकडे ठेवून गेले आणि मंडळाचा ईमेल देऊन म्हणाले, "एखादी प्रत लागली तर मागवा. माझा प्रतिनिधी म्हणून तुमचं नाव कळवून ठेवतो." माणूस सज्जन. सरकारी माणसाच्या हातात प्रतिनिधित्व देऊ नये, हे त्याला कुणी सांगायचं?

वसाहतीतल्या बागेत संध्याकाळी मुलांकडे आलेले आईबाप जमतात. तिथे बातमी फुटायला एक दिवस लागला. महाराष्ट्र मंडळाच्या मालविकाताई म्हणाल्या, "नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहिल्यात का? आमची अकरा पिढ्यांची माहिती निघाली तिथे." पोपटरावांनी विचारलं, क्रॅबट्री मंडळी गोदावरीवर कधी आली असतील? तर त्या म्हणाल्या, "बघायला काय जातं?" एक निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, डीएनए तपासायला नळीत थुंकून पाठवा, सगळं निघतं. कोण थुंकणार, लोरीनबाई की एलिशा, ते त्यांनी सांगितलं नाही. तिसऱ्या एका गृहस्थांचं म्हणणं पडलं की गोत्र आधी पाहा, गोत्र कळलं की निम्मं काम झालं. पोपटरावांनी हॉब्जसाहेबांना मेसेज करून गोत्र विचारलंसुद्धा. उत्तरात चर्चचा पंथ आला, प्रेस्बिटेरियन.

पोपटराव कुणाचं ऐकणार होते थोडेच! नमिताच्या लॅपटॉपवर चार दुपारी खपून त्यांनी शेजारच्या परगण्यातला एक मॉर्गन क्रॅबट्री शोधून काढला. जन्म सतराशे पंच्याऐंशी. वय जुळतं, आडनाव जुळतं, मधलं नाव जुळतं. यापेक्षा कमी पुराव्यावर त्यांनी वाड्या-वस्त्यांची वाटपं केली होती. त्यांनी केंटकीच्या मंडळाला पत्र लिहिलं. इंग्रजीत, पण साचा आपला, जिल्हाधिकारी कार्यालयाला जातो तसा. विषय: मयत जॉन मॉर्गन क्रॅबट्री यांच्या वडिलांचे नाव एलिशा नसून मॉर्गन असल्याबाबत. संदर्भ: दस्तुरखुद्द मयताचे नाव. उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, वगैरे वगैरे, दीड पान.

शिक्क्याशिवाय पत्र पाठवणं त्यांच्या जिवावर आलं. म्हणून ते बाजारातल्या फुजैलच्या टायपिंगच्या दुकानात गेले. फुजैल भटकळचा, अरबी फॉर्म भरून द्यायचा, शिक्केही बनवून द्यायचा.

"चाचा, ये क्रॅबट्री कौन?" पत्र वाचून त्याने विचारलं.

"मयत."

"अल्लाह मग़फ़िरत करे. कब हुआ?"

"अठारह सौ सत्तर के आसपास."

फुजैलने पेन खाली ठेवलं, पोपटरावांना पाणी दिलं, आणि मग शिक्का करून दिला. पो. बा. ढमढेरे, मंडळ अधिकारी, निवृत्त. गोल शिक्का, मधोमध तारा. तारा फुजैलने आपल्या पदरचा घातला.

मंडळाचं उत्तर नवव्या दिवशी आलं. चार ओळींचं. अर्जदाराच्या अधिकृत प्रतिनिधीने स्वतःच कळवल्यानुसार जॉन मॉर्गन क्रॅबट्री हे एलिशाचे पुत्र नाहीत. सबब अर्ज निकाली काढून फाइल कायमची बंद करण्यात येत आहे. ता. क. आपण कळवलेले मॉर्गन क्रॅबट्री हे वयाच्या चौथ्या वर्षी गोवराने वारले.

चार वर्षांचं पोर! पोपटरावांनी पत्र तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. चौतीस वर्षांत जे झालं नाही ते निवृत्तीनंतर, परमुलखात, चार ओळींत झालं. त्यांची नोंद रद्द झाली.

हॉब्जसाहेब शुक्रवारी आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर पोपटरावांना जमलं असतं, शेतकरी रोज ओरडायचे. हा माणूस नुसता सोफ्याच्या काठावर बसला, चहा घेतला नाही, आणि हळूच म्हणाला, "मॉमला अजून सांगितलेलं नाही."

"बाबा, सॉरी म्हणा आणि सोडा हा नाद," ते गेल्यावर संजीव म्हणाला. "तुमचा काय संबंध? कुठलं केंटकी, कुठलं शिरूर! परवा ऑफिसात मला त्यांचं तोंड पाहायचंय."

"तुझं तोंड तू बघ. माझी नोंद मी बघतो."

"कसली नोंद? तुम्ही रिटायर आहात बाबा!"

हे वाक्य लागलं. वर्मी लागलं. पोपटराव जेवले नाहीत. सत्यभामाबाईंनी ताट झाकून ठेवलं, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजा.

दुसऱ्या दिवशी पोपटराव स्वतः हॉब्जसाहेबांच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, आईला फोन लावा, मी सांगतो. व्हिडिओवर लोरीनबाई आल्या, आणि पोपटरावांनी झालं ते सगळं एका दमात सांगितलं. लहानखुऱ्या, पांढरे केस, डोळे मात्र वकिलाचे.

"माझ्या पूर्वजाला निपुत्रिक करणारा तो तूच का?" त्यांनी विचारलं.

"मीच," पोपटराव म्हणाले. "चूक माझी. तुमच्या मुलाची नाही. तुमचं नाव लागलं पाहिजे आणि ते मी लावून देणार."

"मी ब्याण्णवची होतेय, बाबा. मार्चात दोनशे क्रॅबट्री गोळा होणार आहेत. कुऱ्हाडीचं चित्र काढून टीशर्टसुद्धा छापलेत. मी त्यांना काय सांगू?"

"मार्चपर्यंत काही सांगू नका," पोपटराव म्हणाले, आणि घरी येऊन त्यांनी खोकं जमिनीवर पालथं केलं.

जन्माचे दाखले, चर्चच्या याद्या, थडग्यांचे फोटो. सगळ्यांच्या तळाशी लोरीनबाईंनी जमवलेले एक्केचाळीस खरेदीखतांचे झेरॉक्स पडले होते. वर हॉब्जसाहेबांच्या अक्षरात लिहिलेलं: जमिनीचं, कंटाळवाणं. कंटाळवाणं! पोपटरावांनी पहिलं खत उचललं. व्हाइट ओकच्या झाडापासून पूर्वेस शंभर पोल, तेथून दोन हिकरीच्या झाडांपर्यंत, तेथून थॉमस मॉर्गन याच्या हद्दीने ओढ्यापर्यंत. अहो, ही तर चतुःसीमा! पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, दक्षिणेला ओढा. महाराष्ट्रातला कुठलाही तलाठी डोळे मिटून वाचेल.

पोल म्हणजे साडेसोळा फूट. दोन पोल म्हणजे तेहतीस फूट, म्हणजे आपली एक साखळी. म्हणजे चार चौरस पोलांचा बरोब्बर एक गुंठा! पोपटराव एवढ्या जोरात ओरडले की सत्यभामाबाई लाटणं घेऊनच बाहेर आल्या.

"अगं, गुंठा निघाला! केंटकीत गुंठा!"

"निघू द्या," त्या म्हणाल्या. "भाकरी करपतीय माझी."

पुढचे तीन आठवडे पोपटराव महाराष्ट्र मंडळाच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर केंटकीचा गाव नकाशा काढत होते. एप्रिलच्या पाठीवर ओढा, मेच्या पाठीवर एलिशाची जमीन. कुठलं झाड कुठे होतं, ते झाड मेल्यावर यांनी हद्द कशी ठरवली असती, याबद्दल ते एकटेच बोलत. झाडाची हद्द धरणाऱ्या मोजणीदाराला तर त्यांनी रोज फैलावर घेतलं. आणि पूर्वेचा तो शेजारी, थॉमस मॉर्गन, प्रत्येक खतात पुन्हा पुन्हा येत होता. मॉर्गन हे नाव नव्हतंच. आडनाव होतं.

हॉब्जसाहेबांनी त्यांच्या सांगण्यावरून परगण्याच्या कचेरीकडे मॉर्गनच्या वारसांचे कागद मागितले. चार दिवसांत स्कॅन करून आले. चार दिवसांत! आपल्याकडे चार दिवसांत नुसतं बाकावर बसायला मिळतं. त्यात अठराशे एकोणीसचं वाटप होतं. थॉमस मॉर्गन मयत, जमिनीचे पाच हिस्से, हिस्सा नंबर तीन एलिशा क्रॅबट्री यास, त्याची पत्नी रूथ हिच्या हक्काने. आणि अठराशे एक्केचाळीसचं विक्रीखत. तोच हिस्सा नंबर तीन विकणारा इसम: जॉन मॉर्गन क्रॅबट्री, रूथ, माहेरची मॉर्गन, हिचा एकुलता हयात वारस.

कडी जुळली. रूथचा नवरा एलिशा, रूथचा मुलगा जॉन. पोपटराव जमिनीवर बसून राहिले. पोराच्या नावात मध्ये बसलेला माणूस बाप नव्हता. आईचं माहेर होतं.

"आईचं माहेर नावात?" सत्यभामाबाई पहिल्यांदाच त्या कागदांशेजारी खाली बसल्या. "आन् त्या रूथबाईला बापाच्या रानात हिस्सा बी दिला?"

"दिला."

"तवा?"

"तवा."

सत्यभामाबाईंनी त्या झेरॉक्सवरून एकदा बोट फिरवलं. मग उठून गेल्या.

पण एक खोट निघाली. एलिशाचं पहिलं खरेदीखत सतराशे सत्त्याण्णवचं होतं, आणि त्यात त्याचा पत्ता व्हर्जिनियाचा लिहिलेला. मंडळाची अट होती की पूर्वज सतराशे ब्याण्णवच्या आधी केंटकीत स्थायिक झालेला हवा. कुऱ्हाड, डोंगर, ओंडक्यांचं घर, सगळं खरं असेल. पण एलिशा उशिरा आला होता. उलट थॉमस मॉर्गन सतराशे एक्याऐंशीपासून तिथे कर भरत होता.

संजीव म्हणाला, "ते सत्त्याण्णवचं खत देऊच नका ना. कोण बघतंय?" पोपटरावांनी मुलाकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने फोन चार्जिंगला लावायला गेला. त्यांनी लोरीनबाईंना गाठलं आणि सरळ सांगितलं: नाव लागेल, पण एलिशाच्या कुऱ्हाडीवर नाही. रूथच्या हिश्श्यावर.

लोरीनबाई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "आमच्या घरातले बाप्ये तीन पिढ्या त्या कुऱ्हाडीच्या गोष्टी सांगताहेत," त्या म्हणाल्या. "आणि रान बाईचं होतं! पाठव, बाबा. टीशर्ट उलटे घालू."

नमिता टाइप करायला बसली. पोपटराव येरझाऱ्या घालत सांगू लागले. "लिही. मुलीचे लग्न झाले म्हणून वडिलांच्या मिळकतीतील तिचा हक्क व वारसा संपुष्टात येत नाही. तो तिच्या वंशजांकडे अबाधित चालू राहतो. हे तत्त्व निर्विवाद असून—"

"मग बबीता वन्संचं काय?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

नमिताची बोटं थांबली. पोपटराव खिडकीपाशी उभे राहिले. बबीता त्यांची धाकटी बहीण, न्हावऱ्याला दिलेली. शहाण्णव साली वडील गेले, आणि पोपटरावांनी आपल्याकडच्या रीतीप्रमाणे तिला साडीचोळी केली आणि हक्कसोड पत्रावर सही घेतली. सगळेच भाऊ घेतात. तालुक्यातल्या शेकडो बहिणींच्या अशा सह्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या.

"ते कायदेशीर होतं," ते म्हणाले.

"साडी म्याच निवडली हुती," सत्यभामाबाई दारात येऊन म्हणाल्या. "मोरपंखी. काठ चांगला व्हता म्हून म्या गप बसले. तवाच मला लाज वाटली हुती, आज सांगते."

"पुढे लिही, नमिता," ते म्हणाले, पण आवाजात नेहमीचा खणखणीतपणा नव्हता.

पत्र गेलं. मंडळाचं उत्तर आलं: नियम चौदा. बंद झालेल्या फाइलवर अर्जदारास पुन्हा दाद मागता येणार नाही. संजीवने सुस्कारा टाकला, हॉब्जसाहेबांनी आभार मानले आणि पोपटरावांशी हात मिळवला. खलास.

कसलं खलास! ज्या माणसाने तहसीलदार बुचकळ्यात पाडले, प्रांत घामाघूम केले, त्याला चौदा नंबरचा नियम दाखवता? पोपटरावांनी त्याच दुपारी उत्तर धाडलं. नियम चौदा वाचला. तो अर्जदाराला लागू आहे. मी अर्जदार नाही, मी चूक करणारा आहे. चूक करणाऱ्याने स्वतःची चूक दुरुस्त करू नये, असा नियम आपल्या नियमावलीत मला आढळला नाही. असल्यास त्याचा क्रमांक कळवावा. क्रमांक कळवेपर्यंत मी दर सोमवारी व गुरुवारी स्मरणपत्र पाठवीन. मी निवृत्त असून मला दुसरे काम नाही.

आणि पाठवलं त्यांनी. दर सोमवारी, दर गुरुवारी. स्मरणपत्र क्रमांक एक, दोन, तीन. प्रत्येकासोबत केंटकीचा नकाशा, गुंठ्यांत क्षेत्रफळ आणि ताऱ्याचा शिक्का. फुजैल आता स्वतःहून विचारायचा, "चाचा, मरहूम का क्या हुआ?" वसाहतीतले लोक हसायचे. मालविकाताई अजून नाशिकवर अडून होत्या. हसा लेको, पोपटराव म्हणायचे, आणि पुढचं पाकीट तयार करायचे.

सातव्या स्मरणपत्रानंतर मंडळाच्या सचिवबाईंचा हॉब्जसाहेबांना थेट फोन आला. थॉमस मॉर्गनची वंशज म्हणून लोरीन हॉब्ज, माहेरच्या क्रॅबट्री, यांचं नाव मान्य करण्यात येत आहे. चूक करणाऱ्याविषयी खरोखरच नियम नाही, आणि आता स्मरणपत्रं थांबवावीत ही विनंती. शेवटी त्यांनी खासगीत विचारलं, गुंठा म्हणजे काय?

मार्चातल्या एका शुक्रवारी हॉब्जसाहेबांकडे सगळे जमले. पडद्यावर दोनशे क्रॅबट्री, टीशर्ट उलटे घातलेले, आणि मध्ये हातात प्रमाणपत्र धरून लोरीनबाई. त्यांनी ते कॅमेऱ्यापाशी आणलं आणि बोट ठेवून रूथचं नाव वाचून दाखवलं. त्यांचे डोळे भरून आले होते, हॉब्जसाहेब तर सरळ रडत होते. सगळ्यांनी पोपटरावांच्या नावाने टाळ्या वाजवल्या. पोपटराव ताठ बसून होते. सत्यभामाबाईंनीही टाळ्या वाजवल्या, पण नवऱ्याकडे न बघता.

घरी आल्यावर पोपटरावांनी टोपी खुंटीला लावली नाही. तसेच उभ्या उभ्या फोन हातात घेतला.

"संजीव, शिरूरच्या आपल्या रानातलं निम्मं बबीताच्या नावावर करतोय."

"बाबा! निम्मं? अहो, आपण तिथे घर बांधायचं म्हणत होतो. आणि हक्कसोड झालेलंय ना, कायद्याने—"

"कायदा मला शिकवू नकोस. ते रान माझ्या बापाचं होतं आणि तिचाही तोच बाप. उरलेल्यात बांध घर. नाही पुरलं तर लहान बांध."

संजीवने आईकडे पाहिलं. आई नवऱ्याकडे बघत होती, आणि या वेळी अगदी नीट बघत होती.

फोन लागला. "बबीता, मी दादा. एक नोंद चुकली होती."

"कोनाची?"

"माझी. तीस वर्षांपूर्वीची. तुझी सही घेतली ती. मी पंधराला येतोय. सोळाला शिरूरला ये, आधार कार्ड आण, दोन फोटो आण. निम्मं रान तुझं."

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"दादा, तुला बरं हाय न्हवं? वहिनीकडं दे फोन."

"मला बरं आहे. येतेस का नाही ते सांग."

"तीस वर्सं लागली व्हय रं तुला?"

"लागली."

"येते म्या," बबीताबाई म्हणाल्या. आवाज आता भिजलेला होता, पण हळूहळू चढत होता. "पर ती साडी परत मागायची न्हाई, सांगून ठिवते. तिची गोधडी शिवलीया म्या. आन् दुसरं ऐक. सोळा तारखेला म्या त्या कचेरीत बाकावर बसनार आन् नुसती बघनार. ह्या खेपेला सही तू करायची."